बिडी सोडायची गोळी सरकारी दवाखान्यात मिळाली पाहिजे

लातूर जिल्ह्याच्या जळकोट तालुक्यातल्या कोणत्याही वाडीत किंवा तांड्यावर तिशी ओलांडलेल्या माणसाच्या दारात आशाताई एक छापील कागद घेऊन येते. वय किती, कंबरेचा घेर किती, दारू पिता का, अंगमेहनत होते का, घरात कुणाला साखर किंवा बीपी आहे का, असे प्रश्न त्यात असतात. त्यातच एक प्रश्न तंबाखूचा. बिडी-सिगारेट ओढता का, तंबाखू-गुटखा खाता का? कधीच नाही म्हणणाऱ्याला शून्य गुण, पूर्वी होती किंवा अधूनमधून घेतो म्हणणाऱ्याला एक, रोज म्हणणाऱ्याला दोन. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचे. तिथे बीपी निघाला तर गोळी मिळते, साखर निघाली तर गोळी मिळते. ज्या बिडीने त्याचे दोन गुण वाढवले, तिच्यासाठी मात्र बहुतेक वेळा एक वाक्यच मिळते : “आता तेवढी बिडी सोडा.”

हे वाक्य सांगणाऱ्याच्या मनात कळकळ असते, यात शंका नाही. पण ते त्या माणसाने आधीच खूप वेळा ऐकलेले असते. बायकोने सांगितलेले असते, शाळेतून प्रभातफेरीला गेलेल्या नातवाने सांगितलेले असते, बंडलावरच्या भयानक चित्रानेही सांगितलेले असते. 2016-17 साली झालेल्या दुसऱ्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या ओढणाऱ्यांपैकी 55 टक्के लोकांनी आपण सोडण्याचा विचार करतो आहोत असे सांगितले. त्याआधीच्या बारा महिन्यांत 38.5 टक्के लोकांनी तसा प्रयत्नही केला होता. त्या प्रयत्न करणाऱ्यांपैकी सुमारे 72 टक्के लोकांनी तो कुणाचीही मदत न घेता केला. ना औषध, ना समुपदेशन. अशा एकट्याने केलेल्या प्रयत्नांचे पुढे काय होते, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे : शंभरातले तीन ते पाच जण वर्षभर टिकतात.

उरलेल्या पंचाण्णवांना आपण ‘मनाचे कच्चे’ म्हणून मोकळे होतो. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की ते मनाचे कच्चे नाहीत, आजारी आहेत; आणि त्यांच्या आजारावर औषध आहे.

जळकोट हा डोंगरी, खडकाळ तालुका. पावसावरची शेती, आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबे. फडातले काम पहाटे, थंडीत सुरू होते. मध्यरात्री गाडी आली तरी उठून भरावी लागते. झोप उडवायला, भूक मारायला, दोन मिनिटे पाठ टेकवायला हाताशी काय असते? पुरुषाला बिडी नाहीतर चुना लावून मळलेली तंबाखू, बाईला मिसरी. थांबायचे निमित्तसुद्धा तंबाखूच असते. नुसते बसलेल्याला मुकादम उठवतो, पुडी काढलेल्याला सहसा उठवत नाही. सवय लागते ती अशा कामाच्या रेट्यात. चैनीशी तिचा फारसा संबंध नसतो.

मग निकोटीन आपले काम करते. बिडीचा झुरका घेतल्यापासून काही सेकंदांत ते मेंदूत पोचते आणि तिथल्या ठरावीक ग्राहींना चिकटते. डोपामिन सुटते, बरे वाटते. हे दिवसातून पंधरा-वीस वेळा, वर्षानुवर्षे झाले की मेंदू या ग्राहींची संख्याच वाढवतो. मग निकोटीन मिळाले नाही की ते सारे ग्राही एकदम मागणी करू लागतात. तलफ म्हणतात ती हीच. चिडचिड, डोके धरणे, झोप न लागणे, कशातच लक्ष न लागणे, आणि पोट साफ न होणे. “सकाळी बिडी ओढल्याशिवाय संडासला होत नाही” ही तक्रार गावोगाव हसण्यावारी नेली जाते. ती खरी आहे. निकोटीन आतड्याची हालचाल वाढवते आणि ते अचानक बंद झाले की बद्धकोष्ठ होते, हे वैद्यकीय पुस्तकांतच लिहिलेले आहे. चार दिवस पोट गच्च, पाचव्या दिवशी माणूस पुन्हा बंडल आणतो. त्याला कुणी इसबगोल दिला असता आणि हा त्रास पहिल्या आठवड्यात जास्त असतो, तीन-चार आठवड्यांत ओसरतो, असे नीट सांगितले असते, तर कदाचित सहावा दिवसही निघाला असता.

इच्छाशक्तीचाच प्रश्न असेल, तर राज्याने माजी गृहमंत्री आर. आर. पाटलांना पाहिले आहे. ग्रामस्वच्छता अभियान गावागावात नेणारे, विरोध झाला तरी डान्सबार बंदीवर ठाम राहिलेले आबा 16 फेब्रुवारी 2015 रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा त्यांचे वय 57 होते. त्यांना तंबाखूची सवय होती. त्यांच्या निश्चयाबद्दल त्यांच्या राजकीय विरोधकांनीही कधी शंका घेतली नसती. इच्छाशक्ती हेच माप असते, तर अशा माणसाच्या बाबतीत तंबाखू केव्हाच हरली असती.

औषधांची गोष्ट 1967 साली स्वीडनमध्ये सुरू झाली. पाणबुडीत धूर करता येत नाही, म्हणून तिथले खलाशी सिगारेटऐवजी तोंडात तंबाखू धरतात आणि त्यांचे भागते, असे क्लेस लुंडग्रेन या संशोधकाच्या लक्षात आले. त्याने ते ओवे फर्नो या औषध कंपनीतल्या मित्राला कळवले. फर्नो स्वतः सिगारेटच्या विळख्यात होते. धुराशिवाय नुसते निकोटीन द्यायचे, या कल्पनेतून निकोटीनचे च्युइंगगम तयार झाले. पुढे त्वचेवर लावायची पट्टी आली. यामागचा विचार साधा आहे : माणूस बिडीकडे ओढला जातो निकोटीनमुळे, मरतो मात्र धुरातल्या डांबराने, कार्बन मोनॉक्साइडने आणि इतर विषांनी. निकोटीन थोडे, हळूहळू आणि उतरत्या मात्रेने दिले की बिडी दूर ठेवता येते, आणि दोन-तीन महिन्यांत निकोटीनही बंद करता येते.

दुसरे औषध ब्युप्रोपिऑन. ते मुळात नैराश्यावरचे. अमेरिकेत लिंडा फेरी या डॉक्टर निवृत्त सैनिकांवर उपचार करत असताना, हे औषध धूम्रपान सोडायला मदत करते, असे त्यांना दिसले. 1997 साली तिथे ते याच कामासाठी मंजूर झाले. ज्याला फिट्स येतात त्याला ते देत नाहीत, म्हणून डॉक्टरने आधी विचारपूस करणे आवश्यक असते.

तिसरे आणि सर्वांत परिणामकारक म्हणजे व्हॅरेनिक्लिन, 2006 साली आलेले. निकोटीन ज्या ग्राहींना चिकटते त्यांनाच हे औषध जाऊन बसते आणि त्यांना अर्धवट जागे करते. तलफ कमी होते, आणि जागा आधीच भरलेली असल्यामुळे बिडी ओढली तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस अर्धा मिलिग्रॅम दोनदा, मग एक मिलिग्रॅम दोनदा, असे एकूण बारा आठवडे. गोळी सुरू करताना बिडी लगेच बंद करायची नसते. सोडायचा दिवस एक आठवडा पुढचा ठरवायचा असतो. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. विचित्र स्वप्ने पडतात. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते. हे औषध भारतात मिळते, डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

या गोळीविषयी डॉक्टरांच्याही मनात एक जुनी भीती आहे. ती घेणाऱ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येतात, अशा तक्रारी आल्यामुळे 2009 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्यावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला होता. तो इशारा अनेकांच्या लक्षात राहिला. पुढे काय झाले ते राहिले नाही. सोळा देशांतल्या 8,144 लोकांवर मोठी चाचणी झाली. त्यातल्या निम्म्या लोकांना मानसिक आजाराचा इतिहास होता. 2016 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : पट्टी किंवा औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत हे औषध घेणाऱ्यांत गंभीर मानसिक त्रास लक्षणीय वाढलेला नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो इशारा काढून टाकण्यात आला.

त्याच चाचणीत औषधांची कसोटीही लागली. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सलग धूम्रपान न करणारे किती? व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांत 21.8 टक्के, ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांत 16.2, पट्टी लावणाऱ्यांत 15.7 आणि औषध नसलेल्या गोळीवर 9.4. म्हणजे उत्तम औषध घेऊनही पाचातले जवळजवळ चार जण टिकले नाहीत. हा आकडा झाकून ठेवू नये. उलट रुग्णाला तो पहिल्याच दिवशी सांगावा. एकदा जमले नाही म्हणून स्वतःला दोष न देता पुन्हा यायचे असते, हे त्यातून कळते. आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर औषधाशिवाय जितके सुटतात त्यांच्या दुपटीहून अधिक औषधाने सुटतात. एका तालुक्याच्या हिशेबात हा फरक कितीतरी घरांचा असतो.

निव्वळ गोळी वाटून भागत नाही, हे सांगणारी एक चाचणी आपल्या शेजारीच झाली. बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या 2,472 क्षयरुग्णांना व्हॅरेनिक्लिनचे पूर्वज म्हणता येईल असे सायटिसिन हे वनस्पतिजन्य औषध किंवा नुसती दिखाऊ गोळी देण्यात आली. दोन्ही गटांशी सोडण्याविषयी नीट बोलणे झाले होते. सहा महिन्यांनी औषधाच्या गटात 32.4 टक्के आणि दुसऱ्या गटात 29.7 टक्के लोक तंबाखूमुक्त होते. फरक जवळपास नाहीच. 2020 साली प्रसिद्ध झालेला हा निकाल औषधाच्या समर्थकांना अडचणीचा वाटेल, पण त्यात मोठी गोष्ट आहे. ज्या क्षयरुग्णांशी आरोग्य कर्मचारी बसून बोलला, धोका समजावला, त्यांच्यात दहातल्या तिघांनी सोडली. रुग्ण घाबरलेला असतो, दवाखान्यात वरचेवर येत असतो, तेव्हाचे बोलणे कामी येते. ज्याला तेवढ्याने जमत नाही, जो झोपेतून उठल्या उठल्या अंथरुणातच बिडी पेटवतो, त्याच्यासाठी गोळी.

उठल्यावर किती वेळात पहिली बिडी? कार्ल-ओलोव्ह फागरस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या प्रश्नावलीतला हा प्रश्न कोणत्याही परिचारिकेला अर्ध्या मिनिटात विचारता येतो. अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्याची गुलामी खोल असते. अशांना चार मिलिग्रॅमचे गम लागते. भारतात दोन मिलिग्रॅमचे गम औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, चार मिलिग्रॅमचे चिठ्ठीवर. साहजिकच, ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याला डॉक्टरकडे जाणे भाग आहे. शिवाय दोनचे गम घेणाऱ्यालाही ते कसे खायचे हे कुणी सांगत नाही. लोक ते नेहमीच्या च्युइंगगमसारखे कराकरा चावतात, लाळ गिळतात, घसा जळतो, उचक्या लागतात, आणि “हे काही आपल्याला मानवत नाही” म्हणून टाकून देतात. ते सावकाश चार-सहा वेळा चावायचे, तोंडात तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचे, ओसरले की पुन्हा चावायचे, असे अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषले जात नाही. तंबाखूचा बार गालात धरायची सवय असलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला ही रीत शिकायला अवघड नाही. फक्त शिकवणारा पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 2016-17 च्या त्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि तोंडातली तंबाखू खाणारे 24.4 टक्के. दिल्लीत किंवा लंडनमध्ये हा प्रश्न सिगारेटचा असेल, जळकोटात तो जास्त करून पुडीचा आणि मिसरीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2 जुलै 2024 रोजी तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची आपली पहिली मार्गदर्शक सूची काढली. ओढणाऱ्यांसाठी व्हॅरेनिक्लिन, निकोटीन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन यांची तिने शिफारस केली. खाणाऱ्यांसाठी समुपदेशन, आणि औषध द्यायचे तर व्हॅरेनिक्लिन किंवा निकोटीन. खाणाऱ्यांबाबतचा पुरावा ओढणाऱ्यांइतका भक्कम नाही. पण तो नाही, याचे एक कारण असे की ज्या देशांत संशोधनाला पैसा आहे तिथे मिसरी लावणारी बाई नाही. तोंड उघडत नसलेल्या, गालाची कातडी आखडलेल्या गुटखा खाणाऱ्याला गम चावायला सांगणे चुकीचे. त्याला पट्टी बरी. हा निर्णय डॉक्टरने घ्यायचा आहे. गुटख्यावर राज्याने 2012 मध्ये बंदी घातली, ते योग्यच झाले. पण दुकानावरची बंदी मेंदूतली मागणी थांबवत नाही, आणि त्या मागणीवर उपचार झाला नाही म्हणून पुडी दुप्पट भावाने, टपरीच्या मागच्या बाजूने मिळत राहते.

बिडीचा दोष मात्र कमी लेखू नये. टेंभुर्णीच्या पानातली ती ‘देशी’ आहे, हलकी आहे, असा गैरसमज खेड्यात पक्का आहे. ती सारखी विझते, म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी आणि बिडी ओढणाऱ्या बायकांचे सुमारे आठ वर्षांनी घटलेले दिसले. झा यांच्याच नंतरच्या कामातून हेही पुढे आले की चाळिशीच्या आत सोडली तर या जादा धोक्यातला सुमारे 90 टक्के भाग टळतो. ऊसतोडीला जाणारे बहुतेक गडी त्याच वयाचे असतात.

मराठवाड्यात सोडण्याची स्वतःची रीत आहे. माणूस पंढरीला जाऊन माळ घालतो, सप्ताहात कीर्तनकारासमोर शपथ घेतो. मुसलमान वस्तीत रमजानचा महिनाभर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत बिडी हातात येत नाही. डॉक्टरांनी या रीतीकडे दुरून पाहू नये. सोडायचा एक दिवस पक्का करणे, तो चारचौघांत जाहीर करणे आणि पुढे त्या चारचौघांची नजर आपल्यावर असणे, हे सगळे तर समुपदेशनाची पुस्तके सांगतात. माळेत ते आधीपासून आहे. कमी असते ती पहिल्या महिन्यातल्या शारीरिक त्रासावरची मदत. म्हणूनच माळ घातल्यावर दारू आणि मटण सुटलेले पुष्कळ दिसतात, पण तंबाखूची पुडी खिशात तशीच राहते. आषाढीला माळ घालायचे ठरवलेल्या माणसाला एकादशीच्या आठ दिवस आधी गोळी सुरू करून दिली, तर शपथ आणि उपचार एकाच दिवशी येतात.

याला हंगामाचीही साथ आहे. कारखान्यांचे पट्टे पडले की उन्हाळ्यात तोडणी कामगार गावी परततात आणि दसरा-दिवाळीपर्यंत गावातच असतात. बारा आठवड्यांचा उपचार आषाढीच्या सुमारास सुरू केला तर पुन्हा फडावर जायच्या आत पुरा होतो. फडावर गेल्यावर सुरू केला तर तो मधेच तुटणार, हे सांगायला डॉक्टरची गरज नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्याने वर्षाच्या नियोजनात एवढा एक मेळ घातला तरी फार साधेल.

सल्ला आणि शपथ यांच्या पलीकडे आज गावात तिसरी गोष्ट आहे ती भिंतीवरची जाहिरात. ‘रुग्णाला न सांगता व्यसन सोडवा’ असे लिहून खाली मोबाईल नंबर. हताश झालेल्या बायका ही पूड मागवतात आणि भाजीत कालवतात. त्यात काय आहे, किती आहे, ते बीपीच्या गोळीबरोबर चालते का, हे कुणालाच माहीत नसते. परवानाधारक, तपासलेले औषध सरकारी दवाखान्यात नाही म्हणून लोक भिंतीवरच्या नंबरवर पैसे घालतात, ही व्यवस्थेला शोभणारी गोष्ट नाही.

व्यवस्थेने काहीच केले नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि केंद्र सरकारने 2002 मध्ये देशात तंबाखूमुक्तीची 13 केंद्रे सुरू केली, त्यातले एक मुंबईच्या टाटा रुग्णालयात होते. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम 2007-08 पासून चालू आहे, आणि त्यात जिल्हा पातळीवर सोडवणूक केंद्रांची तरतूद आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला शंकरराव चव्हाणांच्या नावाचे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने शासनाच्या साथीने 2016 पासून चालवलेल्या ‘मुक्तिपथ’ने गावसभेपासून तालुक्याच्या व्यसन उपचार क्लिनिकपर्यंत साखळी उभी करून दाखवली. खर्ऱ्याच्या जिल्ह्यात जे होते ते पुडीच्या जिल्ह्यातही करता येईल. सप्टेंबर 2022 मध्ये केंद्राने अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत निकोटीनच्या उपचाराचा समावेश केला. जागतिक संघटनेच्या यादीत निकोटीन 2009 पासून आहे, ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन 2021 पासून.

पण यादीत नाव असणे आणि वाढवणा किंवा आतनूरसारख्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्याच्या कपाटात पाकीट असणे, यात मोठे अंतर आहे. राष्ट्रीय यादीमुळे किमतीवर मर्यादा येते. औषध मोफत मिळेलच असे होत नाही. रोजंदारीवरच्या माणसासाठी हिशेब सरळ आहे. बिडी रोज थोड्या पैशांत, सुट्टी मिळते. गोळ्यांचे पैसे एकदम मोजावे लागतात आणि लातूर-उदगीरला जायचे भाडे वेगळे. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. बिडी वळणाऱ्या बायकांच्या रोजगाराचे कारण त्यामागे सांगितले जाते, आणि तो रोजगार खरा आहे. पण त्या बायकांना पर्यायी काम देण्याऐवजी माल स्वस्त करणे हे ओढणाऱ्याच्या फुफ्फुसावर केलेले दान आहे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आता दुसऱ्या टोकाला पाहा. तोंडाचा, घशाचा, फुफ्फुसाचा कर्करोग झाला की महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात, केमो मिळते. तशी ती मिळायलाच हवी. या भागातला रुग्ण लातूरहून बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातो, संभाजीनगरला जातो, नाहीतर मुंबईला टाटाच्या दारात फुटपाथवर मुक्काम करतो. बार्शीत 1987 पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. देशातली ती अशी पहिली नोंदवही. खेड्यातल्या तंबाखूने काय केले, हे आपल्याला त्या काळापासून लिहून ठेवलेले आहे. एका अभ्यासानुसार 2017-18 या एका वर्षात तंबाखूमुळे देशाला 1 लाख 77 हजार 341 कोटी रुपयांची झळ बसली. कर्करोगाची शस्त्रक्रिया मोफत आणि तो टाळणारी बारा आठवड्यांची गोळी रुग्णाच्या खिशातून, असा हिशेब कोणत्याही सरकारने मांडू नये. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॅरेनिक्लिनची स्वस्त, सर्वसाधारण नावाची गोळी पुन्हा आपल्या सेवेत आणली. दयेपोटी त्यांनी हे केले नाही. धूम्रपानाच्या आजारांवर होणारा खर्च वाचतो, हे त्यांना ठाऊक आहे.

मागणी म्हणून सांगायचे तर ती मोठी नाही. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात निकोटीनचे गम, पट्टी, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हॅरेनिक्लिन व ब्युप्रोपिऑन मोफत ठेवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एका दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. चिठ्ठी लिहायला घाबरण्याचे कारण उरणार नाही. दम्याच्या रुग्णाने बिडी सोडली की थिओफिलिनसारख्या औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते आणि मात्रा बदलावी लागते, अशा बारीक गोष्टी त्यात शिकवाव्यात. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फोन करावा. आणि आशाताईच्या कागदावर रोज तंबाखू घेणाऱ्याला दोन गुण पडले की त्यापुढे एक नवा रकाना असावा : उपचार सुरू केला का, कोणत्या तारखेला. क्षयरोगाच्या कार्यक्रमात 2017 पासून तंबाखूची चौकशी जोडलेली आहेच. तिथे बसलेल्या कर्मचाऱ्याला हे काम नवे नाही.

‘एक व्यसन सोडवायला दुसरे औषध’ असा आक्षेप काही वडीलधाऱ्यांकडून येईल. बारा आठवड्यांनी बंद होणारी गोळी आणि पन्नास वर्षे न सुटणारी बिडी यांना एकाच रांगेत बसवणे अन्यायाचे आहे. साखरेच्या रुग्णाला आपण इच्छाशक्तीने साखर उतरव असे म्हणत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः तंबाखू घेत असेल, किंवा घरात कुणी घेत असेल, तर त्याने डॉक्टरकडे पुढच्या वेळी खोकल्याचे औषध मागतानाच सोडायच्या औषधाचेही नाव घेऊन विचारावे. दवाखान्यात नाही म्हटले तर का नाही, हे विचारावे, आणि तेच ग्रामसभेत लेखी मांडावे. 1800-11-2356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी क्रमांक 2016 पासून चालू आहे. 1 सप्टेंबर 2018 पासून तो तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणे सक्तीचे आहे. त्यावर फोन करायला पैसे लागत नाहीत.